क्रियाशील घटक : निरंक

सौंसर तहसिलीत सूज ही कुणाला नवी नाही. कापूस वेचणाऱ्या बायांची बोटं सुजतात, संत्र्याच्या शिडीवरून घसरणाऱ्यांचे घोटे सुजतात, नागपूरच्या बसमध्ये उभ्याने जाणाऱ्यांची पावलं सुजतात, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यातल्या दगडफेकीच्या जत्रेत काय काय सुजतं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. मात्र या सर्व सुजेची प्रमाणित आणि सक्षम अधिकाऱ्याने साक्षांकित केलेली नोंद आजवर कुठेही नव्हती. ही गंभीर उणीव प्रज्ञा सोमकुंवर हिच्या लक्षातच आली नव्हती. तिला फक्त सूज उतरवायची होती. तिथेच तिचं चुकलं.

प्रज्ञा सौंसरच्या संतरांचल फार्मसी महाविद्यालयात संविदेवर शिकवत असे. संविदेवर म्हणजे दर जूनला नोकरी जायची आणि जुलैत, सगळं ठीक असलं तर, परत यायची. प्राचार्य डॉ. भूपेंद्र खवसे यांनी तिला शब्द दिला होता की एक संशोधन तडीस न्या, मग कायम करण्याचं बघू. ती रोज लोधीखेड्याहून बसने येई आणि विषय तिच्या घरातच होता. तिची आई कुसुमबाई पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचत आणि संत्री तोडत आली होती. तिची बोटं हंगामात गाजरासारखी फुगत. ती कन्हान नदीच्या काठावरचा निर्गुडीचा पाला आणी, वाटून गरम करी आणि फडक्याने बांधी.

"पाला गुणाचा हाय," कुसुमबाई म्हणायची, "पण वेचाले गेली का पट्टी सुटते अन् कापसाले हिरवा डाग पडते. मंग मालक बोंबलते."

सुटणार नाही, सांडणार नाही, लावलं की मुरेल असं काहीतरी करायचं म्हणून प्रज्ञाने निर्गुडीचं जेल करायला घेतलं. पहिलं जेल ताकासारखं पातळ झालं. दुसरं इतकं घट्ट झालं की त्याने प्रयोगशाळेतलं तुटलेलं स्टूल चिकटवलं, ते अजून टिकून आहे. असं करत करत तिसऱ्या वर्षी अकरावं जेल जमलं. नियमाप्रमाणे ते आधी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत उंदरांच्या सुजलेल्या पंजांना लावलं. पंजे उतरले. उंदरांनी कसलाही दाखला मागितला नाही. कुसुमबाईने तर परवानगीची वाटच पाहिली नाही. तिने नळी उचलली, बोटांना चोपडली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी हाताची मूठ वळवून लेकीच्या नाकासमोर धरली.

"पाह्य वं. वळली."

प्रज्ञाला त्या मुठीकडे बघून रडूच आलं. मग तिने डोळे पुसले आणि माणसांवरच्या चाचणीसाठी अर्ज केला.

जिल्हा नवा होता आणि पांढुर्णा त्याचं मुख्यालय. पांढुर्ण्यातल्या काही कचेऱ्यांना अजून खुर्च्या यायच्या होत्या, पण समित्या येऊन पोहोचल्या होत्या. प्रज्ञाचा अर्ज जिल्हास्तरीय सूज निर्धारण समितीकडे गेला. समितीचे सचिव मोरेश्वर घागरे यांच्याकडे सात खात्यांचा अतिरिक्त प्रभार होता. दिवसभर शिक्के मारून त्यांचं उजवं मनगट कायम ठणकत असे. माणूस अत्यंत सज्जन. ते कुणालाही नाही म्हणत नसत. "तुमचं म्हणणं बरोबर आहे, मॅडम," ते म्हणत, "पण ते कागदावर नाही."

पहिली हरकत 'आंधळी चाचणी' या शब्दांवर निघाली. चाळीस रुग्णांपैकी वीस जणांना खरं जेल द्यायचं आणि वीस जणांना तसंच दिसणारं, पण पाला नसलेलं कोरं जेल द्यायचं. कुणाला काय मिळालं ते कुणालाच कळू द्यायचं नाही. याला आंधळी चाचणी म्हणतात, असं प्रज्ञाने सविस्तर लिहिलं होतं. समितीचं उत्तर आलं : "सर्व रुग्ण आंधळे असल्याबाबत वैद्यकीय प्रमाणपत्रे जोडावीत."

प्रज्ञा पांढुर्ण्याला धावली. "सर, रुग्ण आंधळे नसतात. चाचणी आंधळी असते."

"बरोबर आहे," घागरे म्हणाले. "पण चाचणीला डोळे कुठे असतात? मग आंधळं कोणाला धरायचं?"

तीन बैठकांनंतर तडजोड झाली. चष्मा असलेल्यांना अंशतः आंधळे मानण्यात आलं. ज्यांना चष्मा नव्हता त्यांनी शेजाऱ्याचा आणला.

दुसरी हरकत सुजेच्या मूळ रहिवासाची होती. योजना जिल्ह्याची, तेव्हा सूजही जिल्ह्यातच उत्पन्न झालेली असली पाहिजे. राज्याच्या सीमेपलीकडे नागपुरात पडलेले चार जण परराज्यातली सूज बाळगतात म्हणून बाद झाले. एका इसमाचे दोन्ही पाय बसमधून उतरताना बरोबर सीमेवर मुरगळले होते. त्याचा डावा घोटा पात्र ठरला, उजवा वगळण्यात आला. दाखले मिळेपर्यंत अकरा जणांची सूज आपोआप उतरली. पण दाखला सहा महिने वैध असल्यामुळे कागदोपत्री ते सुजलेलेच राहिले. त्यातल्या एकाने लग्नाची बोलणी चालू असल्याचं कारण देऊन सूज रद्द करण्याचा अर्ज केला. त्याला सांगण्यात आलं की तशी तरतूद नाही.

या सगळ्यातून ज्यांची सूज निर्विवाद ठरली त्यांत रामाकोन्याचे संत्राबागायतदार यशवंतराव गावंडे अग्रभागी होते. वय सदुसष्ट. स्वतःच्या बागेत, स्वतःच्या शिडीवरून, दोन साक्षीदारांसमक्ष पडलेले. गुडघा नारळाएवढा. पंचनाम्यात लिहिलं होतं : "सदर गुडघा समक्ष पाहिला. शेजारच्या गुडघ्यापेक्षा मोठा आढळला." यशवंतरावांनी तो पंचनामा प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला आणि ते तो पाहुण्यांना दाखवू लागले.

आता शेवटची अडचण उरली. निर्गुडीचं जेल हिरवट आणि उग्र वासाचं. कोरं जेल पाण्यासारखं, बिनवासाचं. प्रज्ञाने प्राचार्यांना सांगितलं की कोऱ्या जेलला रंग आणि वास द्यावा लागेल, नाहीतर लोक ओळखतील.

"रंग आहे ना स्टोअरमध्ये," खवसे सर म्हणाले. "वासपण आहे. मागच्या साली सरबताचं प्रशिक्षण झालं होतं, त्यातला उरला."

"सर, तो संत्र्याचा आहे."

"तुमच्या प्रोटोकॉलमध्ये काय लिहिलंय?"

"कोऱ्या जेलमध्ये रंग व वास घालावा."

"कोणता ते लिहिलंय?"

लिहिलेलं नव्हतं. दुरुस्ती करायची तर फाइल पुन्हा पांढुर्ण्याला जाणार, आणि जून जवळ आला होता. प्रज्ञाने स्टोअरची किल्ली घेतली. अशा रीतीने नळी 'अ' हिरवी, घाण वासाची आणि औषधी झाली. नळी 'ब' केशरी, गोड वासाची आणि आतून पूर्ण रिकामी झाली.

एकवीस दिवसांनी शिंप्याच्या टेपने सर्वांची मोजणी झाली. 'अ' गटातल्या वीसपैकी तिघांची सूज उतरली होती. 'ब' गटातल्या सतरा जणांची. यशवंतराव 'ब' गटातले. ते रामाकोन्याहून स्वतः चालत बसपर्यंत आले, महाविद्यालयाच्या पायऱ्या चढले आणि सर्वांसमोर गुडघा वाकवून म्हणाले, "अ म्हणजे अजून, ब म्हणजे बरं! लिहून घ्या, मॅडम."

टाळ्या पडल्या. प्रज्ञाने ते आकडे तीनदा तपासले. मग तिने पर्स उचलली आणि रामाकोन्याची बस पकडली.

पहिल्याच घरात तिला 'अ'ची नळी पाणी ठेवायच्या माठामागे सापडली. भरलेली, झाकणसुद्धा न उघडलेली. दुसऱ्या घरात ती खिडकीच्या गजाला दोरीने बांधली होती, डास पळतात म्हणून. तिसऱ्या घरात मात्र नळी चेपून चेपून संपवलेली होती. प्रज्ञाला धीर आला.

"तुम्ही लावली?"

"मी नाही जी," घरधनी म्हणाला. "माणसानं लावाव असा वास हाय का तो? बैलाच्या खांद्याले लावली. जुवाची गाठ होती, एवढी मोठी. चार दिवसांत सपाट. पाहा न तुम्ही."

प्रज्ञाने गोठ्यात जाऊन बैलाच्या खांद्यावर हात फिरवला. खांदा गुळगुळीत होता. बैलाने समाधानाने कान हलवले. तीन वर्षांच्या संशोधनाचा एवढा स्वच्छ पुरावा तिला कुठेच मिळाला नसता, पण बैलाकडे दाखला नव्हता.

शेवटी ती यशवंतरावांकडे गेली. ते बाजेवर पाय पसरून बसले होते आणि त्यांच्या पत्नी वच्छलाबाई त्यांच्या गुडघ्याला केशरी जेल चोळत होत्या. सगळ्या पडवीला संत्र्याचा घमघमाट सुटला होता.

"किती वेळ चोळता, काकू?"

"सकाळी पंधरा मिंटं, संध्याकाळी पंधरा. वास मोठा गोड हाय, सोडूशा वाटत नाही. अन् हे बी बसून राह्यते मंग. नाहीतर यायचा पाय कधी घरात टिकते?" त्यांनी आवाज उतरवला. "खरं सांगू का, मॅडम? पोरीच्या सोयरिकीवरून आमचं दोन वरसं बोलणंच नव्हतं. आता चोळता चोळता दोन गोष्टी होतेत."

यशवंतराव छताकडे बघत होते. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

प्रज्ञाने परत येऊन आठ पानांचा अहवाल लिहिला. 'अ' कुणी लावलंच नाही. 'ब'मध्ये औषध नाही. गुण आला तो विश्रांतीचा, चोळण्याचा आणि सोबतीचा. 'अ'चा वास सुधारून चाचणी पुन्हा घ्यावी. खवसे सरांनी अहवाल लक्षपूर्वक वाचला. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"मॅडम, म्हणजे 'ब'मध्ये काहीही नाही?"

"काहीही नाही, सर."

"काहीही नसताना सतरा जण बरे झाले?"

"सर, मी तेच सांगून राहिली..."

"मग त्यात काही घालून बिघडवायचं कशाला?"

महिन्याभरात 'ब'चं बारसं होऊन ते 'बरंजेल' झालं. जाहिरातीच्या पाट्यांवर एक तरुण जोडपं संत्र्याच्या बागेत पळताना दाखवलं होतं. दोघांचे गुडघे निरोगी होते. परवान्याच्या अर्जात 'क्रियाशील घटक' असा रकाना होता, तिथे प्रज्ञाने खरं तेच लिहिलं : निरंक. दुष्परिणाम : निरंक. घागरे यांनी मत दिलं की औषधात औषध नसल्यामुळे औषधाचा परवाना लागत नाही, मात्र मुदत संपण्याची तारीख लागेल.

"सर, जे त्यात नाहीच, ते किती दिवसांनी संपणार?"

"तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण मोजल्याशिवाय कसं सांगता येईल?"

म्हणून सहा महिन्यांचं स्थिरता-परीक्षण ठरलं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रज्ञा एक नळी उघडायची, आत काही नाही याची खात्री करायची आणि लिहायची : "निरंक. मागील महिन्याइतकेच. बदल नाही." सहाव्या महिन्यात तिला कायम करण्यात आलं. आदेशात कारण नमूद होतं : "सातत्यपूर्ण व विश्वासार्ह संशोधन."

तिने आदेशाच्या पोचपावतीवर सही केली. घरी पेढे नेले, पण ते कशाचे हे आईला नीट सांगितलं नाही. कुसुमबाईने पेढा खाल्ला. तिची बोटं पुन्हा फुगली होती. अकरावं जेल कधीच संपलं होतं आणि नवीन करायला प्रयोगशाळेत परवानगी नव्हती.

त्या हंगामात शेतमजूर बायांना बरंजेलच्या नळ्या एका कल्याण योजनेतून फुकट वाटल्या गेल्या. बायांनी त्या रात्री लावल्या, सकाळी वेचायला गेल्या, संध्याकाळी हात तसेच. त्यांना चोळून द्यायला घरी कोण बसलं होतं? आठ-दहा जणी नळ्या घेऊन कुसुमबाईकडे आल्या.

"कुसुमबाई, वास चांगला हाय, पण हाताले काही फरक नाही वं."

कुसुमबाईने एक नळी पिळून बघितली, हुंगली, जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकली. "यात काहीच नाही बाप्पा." मग ती नदीवर गेली. पाला आणला, उकळला, आटवून दाट केला. नळ्यांची बुडं उलगडली, आतलं सगळं पातेल्यात काढलं, घोटलं, परत भरलं आणि बुडं चिमट्याने दुमडली. हे दुमडणं लेकीनेच तिला तीन वर्षांपूर्वी कौतुकाने शिकवलं होतं. चौथ्या दिवशी बायांच्या मुठी वळू लागल्या. आठवड्याभरात ओसरीवर रांग लागली.

यातली एक नळी यशवंतरावांच्या बागेत संत्री तोडायला आलेल्या बाईने वच्छलाबाईंना दिली. यशवंतराव गुण आला म्हणून पुन्हा शिडीवर चढले होते आणि गुडघा पुन्हा नारळ झाला होता. वच्छलाबाईंनी ती नळी चोळली. दोन दिवसांत सूज गेली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी यशवंतराव बाजेवर पाय पसरून बसले. वच्छलाबाई सुपात तांदूळ निवडत राहिल्या.

"आज चोळत नाही का?" यशवंतरावांनी विचारलं.

"काहून? उतरली न सूज."

यशवंतराव ती रात्र आणि दुसरा दिवस विचार करत राहिले. मग त्यांनी बैठकीत बसून अर्ज लिहिला : "महोदय, बाजारात नकली बरंजेल आले असून त्याने दोन दिवसांत बरे वाटते. खऱ्या बरंजेलला किमान तीन आठवडे लागतात. सबब कडक कारवाई व्हावी."

भेसळ प्रतिबंधाचा अतिरिक्त प्रभारही घागरे यांच्याकडेच होता. नमुना तपासणीला गेला. अहवाल धक्कादायक होता. बरंजेलमध्ये औषध सापडलं होतं. तेही पुरेशा प्रमाणात. कुसुमबाईच्या ओसरीवर धाड पडली, शेहेचाळीस नळ्या, एक पातेलं आणि एक चिमटा जप्त झाला, आणि पांढुर्ण्याला सुनावणी लागली. तज्ज्ञ साक्षीदार म्हणून शासनाने बरंजेलच्या सर्वांत विश्वासार्ह संशोधिकेला बोलावलं. तिच्या नावाचं पाकीट घरी आलं तेव्हा आरोपी आई आणि साक्षीदार लेक दोघी एकाच पत्त्यावर समोरासमोर उभ्या राहिल्या होत्या.

"तू सांगून दे का मी चुकली म्हणून," कुसुमबाई म्हणाली. "तुई नोकरी राहू दे. मले काय, चार दिवस बसवतीन कोठडीत."

प्रज्ञा त्या रात्री जेवली नाही.

सुनावणीला खोली गच्च भरली होती. लोधीखेड्याच्या बाया मेटाडोर करून आल्या होत्या. खवसे सर पहिल्या रांगेत होते. यशवंतराव आणि वच्छलाबाई भिंतीला टेकून. घागरे यांनी प्रज्ञाला विचारलं, "असली बरंजेलमध्ये काय असतं?"

"काही नसतं."

"आणि जप्त मालात काय आहे?"

खवसे सरांनी खोकला काढला. तो सूचक होता. प्रज्ञाने आईकडे पाहिलं. कुसुमबाई फुगलेली बोटं पदराखाली लपवत होती. स्वतःची नळी तिने कुणाला तरी देऊन टाकली होती.

"औषध आहे," प्रज्ञा म्हणाली. तिचा आवाज आधी कापला आणि मग चढला. "ते जेल मी बनवलंय, सर. तीन वर्षं लागली. माझ्या आईने ते चुलीवर केलं, एवढाच फरक आहे. चुकली ती नाही. सहा महिने मी रिकाम्या नळीवर सह्या करून राहिली, चुकली ती मी."

घागरे भारावले. ते डोळे पुसत लेखनिकाला म्हणाले, "लिहा. भेसळीचे सूत्र आपलेच असल्याचे साक्षीदाराने कबूल केले. साक्षीदारास आरोपी क्रमांक दोन करण्यात येत आहे."

तेव्हा वच्छलाबाई उठल्या. "साहेब, अर्ज वापस करा. या माणसाचा गुडघा बरा झाला म्हणून यानं अर्ज केला." मग त्या यशवंतरावांकडे वळल्या. "सूज नसली तरी चोळून देईन म्या. पण या माउलीले सोडा म्हणा."

"दोन्ही टाइम?" यशवंतरावांनी हळूच विचारलं.

"दोन्ही टाइम."

"मी अर्ज वापस घेतो जी!" यशवंतराव गरजले.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," घागरे म्हणाले, "पण मागे घेण्याचा नमुना अजून छापून आलेला नाही. मुद्देमाल सादर करा."

शिपायाने मालखान्यातून खोकं आणलं. आणताना ते त्याने एका बोटावर धरलं होतं. घागरे यांनी सील तोडलं. आत चिमटा होता, पातेलं होतं, आणि शेहेचाळीस नळ्यांच्या जागी एक जुना कॅलेंडरचा कागद होता. शिपाई खाली बघू लागला. लेखनिकही खाली बघू लागला. तो गेले तीन महिने मान आखडल्यामुळे वर बघूनच टाइप करत असे. आज त्याची मान छान वाकली होती. मग हळूहळू सर्वांच्या लक्षात आलं की अख्ख्या कचेरीला निर्गुडीचा वास येतोय.

कुसुमबाई घागरे यांच्या मनगटाकडे बघत होती.

"साहेब," ती मायेनं म्हणाली, "हात मोकळा दिसून राहिला तुमचा."

घागरे यांनी मनगट टेबलाखाली नेलं. बराच वेळ त्यांनी कायद्याची पुस्तकं चाळली. मग निकाल दिला की पुराव्याअभावी दोन्ही आरोपींना मुक्त करण्यात येत आहे. निकालावर त्यांनी एकामागून एक अकरा शिक्के मारले, अगदी सहज, आणि एकदाही चेहरा वाकडा केला नाही. बायांनी जो गलका केला तो जांब नदीच्या पलीकडे सावरगावात ऐकू गेला म्हणतात. प्रज्ञाने आईच्या गळ्यात हात टाकले आणि दोघी हसत सुटल्या. इतक्या की वच्छलाबाईंनी त्यांना पाणी आणून दिलं.

प्रज्ञा पुन्हा संविदेवर गेली. आदेशात कारण होतं : "संशोधनात आढळून आलेले औषध." मात्र खवसे सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी तिला सौंसरच्या कृषी मेळाव्यात स्टॉल दिला, या अटीवर की दोन्ही नळ्या शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि दोन्हींवर खरं तेच लिहावं. प्रज्ञाने मोठ्या अक्षरात लिहिलं. डावीकडे : "यात औषध आहे. सूज उतरते. वास घाण येतो." उजवीकडे : "यात काहीही नाही. वास छान येतो." मधे तिने अभिप्रायाची वही ठेवली.

तीन दिवस चांगली गर्दी झाली. मजूर बाया आल्या, पाट्या कुणाकडून तरी वाचून घेतल्या आणि डावीकडची नळी घेऊन गेल्या. बाकीच्यांनी पाट्या स्वतः वाचल्या.

शेवटच्या दिवशी एक चांगली शिकलेली, वाचनाची आवड असलेली, व्यवस्थेवरच्या गोष्टी चवीने वाचणारी व्यक्ती स्टॉलवर आली. तिने दोन्ही पाट्या नीट वाचल्या. ती खळखळून हसली. लोक किती भोळे असतात यावर ती सोबतच्यांशी पाच मिनिटं बोलली. पाट्यांचा फोटो काढून चार ग्रुपवर पाठवला. प्रज्ञाला निर्गुडीबद्दल दोन अतिशय हुशार प्रश्न विचारले. मग डावीकडची नळी उघडून हुंगली, नाक मुरडलं, ती परत जागेवर ठेवली, आणि उजवीकडच्या दोन मागितल्या, एक घरी आणि एक पाहुण्यांना द्यायला.

जाताना त्या व्यक्तीने वहीत अभिप्राय लिहिला : "समाजात जागृतीची नितांत गरज आहे." खाली सही आहे. वही प्रज्ञाकडे जपून ठेवलेली आहे. कधी सौंसरला गेलात तर बघून या. अक्षर तुम्ही ओळखाल.